सातवी पायरी

रात्रीचे पावणेदोन. सावईवेऱ्याच्या मांडवात
खुर्च्या अजून एकीत एक अडकून उभ्या
आणि मी लॅपटॉपसमोर, पाय पोटाशी घेऊन,
कारण टेबलाखाली केबलच्या वेटोळ्यात
कुणाची तरी मांजर व्यालीय.

उद्या नाटक. तिसऱ्या अंकात राजवाडा जळायचा आहे.
बारा पार कॅन, चार रंगांची जिलेटिनं,
एवढ्यात काय तो वणवा.

मी पायऱ्या लिहिते.
पहिली : एक नंबर पूर्ण, बाकी काळोख.
दुसरी : एक निम्म्यावर, दोन पूर्ण.
तिसरी : एक मालवला, दोन निम्म्यावर, तीन...
बारापर्यंत गेलं की परत एकाशी.
सॉफ्टवेअर याला चेस म्हणतं. पाठलाग.
कोण कुणाच्या मागे लागलंय, ते म्हणत नाही.
दिवे तर जागचे हलत नाहीत,
दुपारी शाबलोने शिडीवरून जिथे आवळले
तिथेच आहेत, मान खाली घालून.
एक विझतो, शेजारचा लागतो,
धावतो तो बघणाऱ्याचा डोळा.

थांबा शून्य दशांश चार, उतार शून्य दशांश दोन.
चालवून पाहिलं : लग्नघराची माळ.
उतार वाढवला : राजवाडा जळेना, उजाडू लागला.
क्रम मोडून दिला सगळा :
ही आग नव्हे, वीज खात्याकडे केलेली तक्रार.

फटूबाब पायरीवर बसून बघतोय.
मांडवाची राखण त्याच्याकडे, झोप कुणाकडेच नाही.
चाळीस वर्षं या गावाची नाटकं त्याने उजळली
चिनीमातीच्या बरण्यांत मिठाचं पाणी भरून.
मीठ आगरवाड्याचंच हवं, म्हणायचा.
दोरीला बांधलेला पत्रा
पाण्यात उतरला की पहाट,
वर ओढला की सांज.
राजवाडा जळायचा तेव्हा विंगेत
खरोखरच काहीतरी उकळत असायचं.

"उजो मेजून पेटता व्हय गो?"
विडी कानामागे सरकवत त्याने विचारलं.
मोजून पेटत नाही, हे मलाही ठाऊक आहे, बाबा.
पण या चौकटीत आकड्याशिवाय काही लिहिता येत नाही.

तेवढ्यात सात नंबर गेला.
टिक् असा बारीक आवाज, बस.
शाबलो कुळागराकडच्या घरी घोरत असणार,
दुकान फोंड्यात, दहाला उघडतं.
चेस मात्र चालूच. पाच, सहा,
मग काहीच नाही,
आठ.
आणि त्या काहीच नाहीपाशी
वणवा ठेचकाळला.
ओली तुळई लागावी, क्षणभर दम घ्यावा
आणि पलीकडे उडी मारून तिला घेरावं, तसा.

मी फटूबाबकडे पाहिलं.
तो दिव्यांकडे बघतच नव्हता,
त्याच्यामागच्या पडद्याकडे बघत होता.
"हें बरें," म्हणाला.

सकाळी नवा बल्ब आला. शाबलोने चढवला.
दुसऱ्या अंकातल्या बागेत सात नंबर छान लागतो.
आगीच्या सातव्या पायरीवर मी त्याला शून्य दिलं.
पायरी पुसली नाही. रांगेत काळोखाचीही जागा ठेवली,
चार दशांश सेकंदांची, हक्काची.
राणीचं काम करणारी नर्स, शर्वाणी प्रभुदेसाई,
ड्यूटी संपवून थेट तालमीला आली होती;
तिला सांगितलं : तोल जायचा असेल तर तिथे जाऊ दे.

रात्री मांडव भरला. राजवाडा पेटला.
समोरच्या विंगेत, कुणाला दिसणार नाही अशा जागी,
फटूबाबचा उजवा हात
वर-खाली होत होता. मुठीत दोरी नव्हती.
माझ्या आकड्यांहून तो हात जरा मागे होता,
मग जरा पुढे, मग भलताच मागे.

या सॉफ्टवेअरमध्ये एक बटण असतं,
बोटाने ठोका दिला की चाल बोटाची होते.
मी स्क्रीनवरून नजर काढली,
आकडे सोडले
आणि त्या हाताकडे बघत
ठोका धरला.

पायाशी मांजराची पिल्लं दूध पीत होती.
पडद्याला धग लागत होती.
सातव्या पायरीवर राणी पडली.